फॉसिकिंग म्हणजे नेमकं काय? सोनं शोधण्याच्या एका ऑस्ट्रेलियन शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फॉसिकिंग म्हणजे काय?

आधीच्यांनी खणून सोडून दिलेल्या जागेत, ओढ्याच्या पात्रात किंवा खडकाच्या भेगांत उरलंसुरलं सोनं हाताने शोधणं. शब्द ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा. 'फॉसिक' हे क्रियापद, ते करणारा 'फॉसिकर'. इथे कंपनी नसते, बोगदा नसतो, जेसीबी नसतो. टिकाव, फावडं, चाळणी, पॅन (माती धुवायची उथळ परात) आणि फार तर मेटल डिटेक्टर, एवढाच पसारा. नीलम, पुष्कराज अशा रत्नांच्या हौशी शोधालाही हाच शब्द लावतात.

'उरलंसुरलं' हे नीट लक्षात ठेवा. नवा माणूस 'इथे सोनं आहे का' असं विचारतो. मुरलेला फॉसिकर विचारतो, 'आधीच्यांनी इथलं काय सोडलं असेल, आणि का?' जागा निवडण्यापासून पॅन हलवण्यापर्यंत सगळं या दुसऱ्या प्रश्नावर चालतं.

शब्द आला कुठून?

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे. तिथे कथील आणि तांब्याच्या जुन्या खाणी. १८५१ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या ओफिरला आणि पाठोपाठ व्हिक्टोरियातल्या क्लून्स, बॅलरॅट, बेंडिगोला सोनं सापडलं, तेव्हा कॉर्नवॉलचे खाणकामगार मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियात आले आणि आपली बोलीही घेऊन आले. त्या बोलीत 'फॉसिक' म्हणजे धुंडाळणं, उकरून काढणं. सोन्याच्या रानात त्याचा अर्थ नेमका झाला: सुरीच्या टोकाने भेगेतला कण टिपणं, सोडलेल्या खड्ड्याच्या भिंती खरवडणं, छत पडू नये म्हणून ठेवलेले मातीचे खांब पोखरणं. दुसऱ्याच्या हद्दीत हळूच हात मारणं अशीही एक छटा होती, त्यामुळे त्या काळी 'फॉसिकर' म्हणणं ही काही शाबासकी नव्हती.

उरलेलं सोनं काढण्यात सगळ्यांत चिकाटी दाखवली ती चिनी मजुरांनी. घाईतल्या गोऱ्या खणकऱ्यांनी टाकून दिलेले मातीचे ढीग ते पुन्हा धुवत आणि त्यावर पोट भरत. याचा इतका राग होता की १८५५ मध्ये व्हिक्टोरियाने बंदरावर उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंड कर बसवला. मग त्यांची जहाजं शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात रोब बंदराला लागू लागली, आणि तिथून शेकडो किलोमीटर चालत ते सोन्याच्या रानात पोचत.

रोजच्या बोलण्यात हा शब्द ऐकू येतो, तो याच अर्थाने?

नाही, तिथे तो सैल झालाय. ऑफिसमधला सहकारी 'थांब, ड्रॉवरमध्ये जरा फॉसिक करून बघतो' म्हणाला, तर त्याला पंचिंग मशीन हवंय. आपण 'उचकापाचक करणं' म्हणतो ते हेच. अमेरिकेत हा शब्द बहुतेकांना कळत नाही. तिकडे 'प्रॉस्पेक्टिंग' किंवा 'पॅनिंग' म्हणतात.

मराठीत याला काय म्हणावं?

'उत्खनन' म्हणू नका. त्याने डोळ्यांपुढे खाण किंवा पुरातत्त्व खातं येतं. 'सुवर्णशोध' वाईट नाही, पण त्यात कंपनीचं ड्रिलिंगही बसतं. कामाच्या जातीने सगळ्यांत जवळचा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे: झारेकरी. सोनाराच्या दुकानातला केर, भट्टीतली राख, गटाराकडचा गाळ गोळा करून, धुऊन त्यातले सोन्याचे कण काढणारा तो झारेकरी. मुंबईच्या झवेरी बाजारात हेच काम करणाऱ्यांना घमेलावाले म्हणतात. मध्य प्रदेशातल्या बालाघाट आणि छत्तीसगडकडे नदीची वाळू लाकडाच्या उथळ परातीत धुऊन सोनं काढणारे सोनझारा किंवा झारा म्हणून ओळखले जातात. (बुंदी पाडायचा झारा वेगळा, पण गाळून वेगळं करणं तिथेही आहेच.)

फरक इतकाच की झारेकरी पोटासाठी धुतो आणि आजचा फॉसिकर बहुधा सुट्टीच्या दिवशी. बोलताना 'फॉसिकिंग' असंच म्हणा, उगाच नवा शब्द घडवायची गरज नाही.

क्रियेसाठी मात्र एक अस्सल शब्द आहे: रोळणं. आजी तांदूळ रोळते, म्हणजे पाण्यात भांडं गोल हलवत तांदूळ वरून ओतून घेते आणि खडे तळाशी ठेवते. पॅनिंग म्हणजे तेच, फक्त इथे वरचं फेकायचं आणि तळचं ठेवायचं.

प्रॉस्पेक्टिंग, पॅनिंग, स्पेकिंग, नूडलिंग हे सगळं एकच का?

प्रॉस्पेक्टिंग म्हणजे खनिज कुठे आहे याचा शोध. हौशी माणूसही करतो आणि कंपनीही. पॅनिंग हे फक्त तंत्र आहे, पॅनमध्ये धुण्याचं. स्पेकिंग म्हणजे जोराचा पाऊस पडून गेल्यावर जुन्या ढिगाऱ्यांवर, पायवाटांवर नुसत्या डोळ्यांनी चमक शोधत फिरणं. साधन शून्य, मान दुखते, पण कधीकधी सोन्याचा खडा मिळतो. नूडलिंग हा ओपल या रत्नाच्या मुलखातला, साउथ ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडीकडचा शब्द. खाणीबाहेर टाकलेल्या ढिगातून ओपल वेचणं.

आणखी काही शब्द कानावर पडतील. पॅनच्या तळाशी दिसलेला सोन्याचा ठिपका म्हणजे 'कलर'. खाणीतून काढून टाकलेल्या दगडमातीचा ढीग म्हणजे 'मलक', आणि धुऊन झालेली टाकाऊ माती म्हणजे 'टेलिंग्ज'. काहीच न लागलेला खड्डा 'शायसर'.

'गोल्ड डिगर' म्हटलं तर चालेल का?

माणसाबद्दल बोलत असाल तर जपून. १८५० च्या दशकात 'डिगर' हा सरळ सोनं खणणारा होता. पहिल्या महायुद्धापासून ऑस्ट्रेलियन सैनिकालाही 'डिगर' म्हणू लागले, तेही कौतुकाने. पण 'गोल्ड डिगर' आज पैशासाठी नातं जोडणाऱ्या व्यक्तीला, बहुधा बाईला, टोमणा म्हणून वापरतात. शेजाऱ्याच्या बायकोला डिटेक्टर घेऊन जाताना पाहिलं तर 'फॉसिकर' म्हणा.

परवाना लागतो का?

राज्यागणिक वेगळं आहे, आणि गोंधळ इथेच होतो.

व्हिक्टोरियात 'मायनर्स राईट' लागतो. ऑनलाईन मिळतो, दहा वर्षं चालतो, खर्च साधारण तीस डॉलरच्या आसपास. तो व्यक्तीच्या नावाचा असतो, गाडीच्या नाही. नवऱ्याने काढला म्हणून बायकोला खणता येत नाही. परवान्याखाली सापडलेलं सोनं तुमच्या मालकीचं होतं.

न्यू साउथ वेल्समध्ये हौशी फॉसिकिंगला वेगळा परवाना नाही, पण जमीनमालकाची संमती लागते आणि सरकारी जंगलात त्या खात्याचं परमिट. ४८ तासांत एका माणसाने ५० ग्रॅमहून जास्त सोनं न्यायचं नाही. १० ग्रॅम किंवा त्याहून मोठे खडे या हिशेबात धरत नाहीत. या मर्यादेने आजवर कोणाची पंचाईत झाली असेल असं वाटत नाही.

क्वीन्सलंडमध्ये फॉसिकिंगचं लायसन्स घ्यावं लागतं, एकट्याचं किंवा कुटुंबाचं.

वेस्टर्न ऑस्ट्रेलियात गंमत आहे. तिथल्या खाण कायद्यात 'फॉसिकिंग'ची व्याख्याच सोनं आणि हिरे वगळून केली आहे. संग्रहासाठी दगड गोळा करणं म्हणजे फॉसिकिंग. सोन्यासाठी तिथेही मायनर्स राईट लागतो. तो एकदा काढला की मुदत संपत नाही. मात्र एखाद्या कंपनीकडे शोधाचा परवाना असलेल्या पट्ट्यात जायचं तर आणखी एक परमिट घ्यावं लागतं. इंटरनेटवर 'ऑस्ट्रेलियात फॉसिकिंगचे नियम' वाचून पर्थला जाणारे इथेच फसतात.

न्यूझीलंडमध्ये साउथ आयलंडवर काही नदीपात्रं 'सार्वजनिक फॉसिकिंग क्षेत्र' म्हणून राखून ठेवली आहेत, ॲरोटाऊनजवळचं पात्र त्यातलंच. तिथे परवाना नको, पण फक्त हाताची अवजारं.

'मायनर्स राईट' असं नाव का? परवान्याला 'हक्क' कोण म्हणतं?

त्यामागे बंड आहे. सुरुवातीला खणकऱ्याला दर महिन्याला ३० शिलिंगचं लायसन्स घ्यावं लागे, सोनं लागो न लागो, आणि ते तपासायला पोलीस धाडी घालत. ३ डिसेंबर १८५४ ला बॅलरॅटच्या युरेका इथे खणकऱ्यांनी उभारलेल्या कुंपणावर सरकारी फौज चालून गेली, त्यात तीसेक माणसं मेली. पुढच्याच वर्षी लायसन्स रद्द झालं आणि वर्षाला एक पौंडाचा मायनर्स राईट आला, सोबत मताचा अधिकारही. तेव्हापासून नाव तेच आहे.

परवाना काढला म्हणजे कुठेही खणता येतं?

नाही. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी लागते, आणि ती तोंडी न घेता लिहून घेतलेली बरी. व्हिक्टोरियात चालू मायनिंग लायसन्स असलेल्या जागेत लायसन्सधारकाच्या संमतीशिवाय जाता येत नाही. नुसतं एक्सप्लोरेशन लायसन्स, म्हणजे फक्त शोधाचं, असेल तर चालतं. राष्ट्रीय उद्यानांत सहसा बंदी आहे, काही उद्यानांतले ठरावीक भाग खुले आहेत. काही नद्या पूर्ण वगळल्या आहेत. आदिवासींच्या वारसास्थळांना हात लावायचा नाही. जिओविक या सरकारी नकाशावर हे सगळे थर एकावर एक चढवून बघता येतात. निघायच्या आदल्या रात्री बघा, कारण रानात मोबाईलला रेंज नसते.

खणताना यंत्र वापरता येत नाही, झाडंझुडपं तोडायची नाहीत, आणि खड्डा बुजवायचाच. उघडे खड्डे दिसले की ती जागा सगळ्यांसाठीच बंद होते.

सुरुवातीला काय सामान घ्यावं?

ओढ्यासाठी: ३५ सेंटीमीटर व्यासाचा प्लॅस्टिकचा पॅन, एका कडेला खाचा असलेला, हिरवा किंवा काळा. त्यावर पिवळा कण चटकन दिसतो. लोखंडी पॅन दिसायला रुबाबदार असतो, पण नव्या पॅनला तेल असतं आणि बारीक सोनं तेलकट पाण्यावर तरंगून निघून जातं. आधी विस्तवावर तापवून तेल जाळावं लागतं, शिवाय तो गंजतो. पॅनवर बसणारी सुमारे १२ मिलिमीटर जाळीची चाळणी, दोन बादल्या, छोटं फावडं, भेगा उकरायला जुना स्क्रूड्रायव्हर आणि रंगाचा ब्रश. टिपून घ्यायला दाबून सोडायची लहान प्लॅस्टिकची बाटली, कण ठेवायला पाणी भरलेली काचेची कुपी, आणि लोहचुंबक. हे सगळं शंभर-दीडशे डॉलरमध्ये होतं.

स्लूस, म्हणजे आडव्या पट्ट्या बसवलेली वाहत्या पाण्यात ठेवायची पन्हळ, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला घ्या. तिला दर फुटाला साधारण एक इंच उतार लागतो. कमी झाला तर पट्ट्यांमागे वाळू गच्च बसते, जास्त झाला तर सोनंही वाहून जातं.

ओढ्यात नेमकं कुठे शोधायचं?

शुद्ध सोन्याची घनता १९.३, गारगोटीची २.६५. म्हणजे तेवढ्याच आकाराच्या खड्यापेक्षा सोनं सातपट जड. ते पुराच्या पाण्यातच हलतं आणि वेग जरा कमी झाला की पहिल्यांदा खाली बसतं. म्हणून वळणाची आतली बाजू, मोठ्या दगडाच्या खालच्या अंगाची सावली, धबधब्यानंतर पात्र रुंद होतं ती जागा, काठावरच्या गवता-मुळांची जाळी, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तळचा कातळ. कातळाच्या प्रवाहाला आडव्या भेगा म्हणजे निसर्गाने बसवलेल्या स्लूसच्या पट्ट्याच.

वरची सैल वाळू धुण्यात दिवस घालवू नका. वर सापडतात ते पिठासारखे कण. खाली जा, कातळ लागेपर्यंत किंवा घट्ट चिकणमातीचा थर लागेपर्यंत. तो थर खोट्या तळासारखा असतो, सोनं त्यावर थांबतं.

आणि पुन्हा तोच प्रश्न: जुन्या लोकांनी काय सोडलं? अरुंद भेगा, कारण त्यांची पहार तिथे शिरत नव्हती. चिकणमाती, कारण ती विरघळायला वेळ लागतो. बारीक कण, कारण त्यांची पाळण्यासारखी हलवायची पेटी ते धरत नव्हती. तिथेच तुमचा वाटा आहे.

पॅनिंग कसं करायचं?

चाळणी पॅनवर ठेवून माल टाका आणि पाण्याखाली धरून हलवा. वर राहिलेले गोटे फेकण्याआधी एकदा नजर फिरवा, मोठा खडा चाळणीतच राहतो. पॅन दोन-तृतीयांशाहून जास्त भरू नका.

आता पॅन पूर्ण पाण्याखाली धरून माल हाताने कुस्करा. चिकणमातीची एकही गोळी राहता कामा नये. पाणी गढूळ होईल, ते सोडा, पुन्हा कुस्करा. पाणी बऱ्यापैकी निवळ दिसेपर्यंत पुढे जायचं नाही.

मग पॅन सपाट धरून डावी-उजवीकडे जोरात हलवा, दहा-पंधरा सेकंद. यात काहीच बाहेर टाकायचं नाही. जड ते खाली, हलकं वर, एवढाच हेतू. नवखे ही पायरी गाळतात आणि लगेच गोल फिरवून पाणी सांडायला लागतात. सोनं जातं ते इथे.

खाचांची बाजू पुढे ठेवून पॅन थोडा कलता करा, कड पाण्यात बुडवा आणि उचला, म्हणजे लाट आत येऊन वरचा पातळ थर घेऊन जाईल. चार-पाच लाटांनंतर पॅन पुन्हा सपाट करून हलवा, पुन्हा कलता करा. हे दोन आळीपाळीने. थेंबे थेंबे कमी होत शेवटी दोन चमचे काळी वाळू उरते.

आता घाई पूर्ण थांबवा. पॅनमध्ये पेलाभर पाणी ठेवून तो हळू गोल कलता करत न्या. काळी वाळू पंख्यासारखी पसरते आणि तिच्या मागे, शेपटीला, पिवळा ठिपका राहतो. तो हलत नाही, वाळू त्याच्यावरून निघून जाते. बाटली दाबून तोंड कणाजवळ न्या, सोडा, कण आत ओढला जातो.

सरावलेल्या हाताला एका पॅनला पाचेक मिनिटं लागतात.

सोनं वाहून जात नाही ना, हे कसं कळणार?

शिशाचे छर्रे घ्या, हातोडीने चपटे करा, बारीक तुकडे करून दहा मोजून घरच्या अंगणातल्या मातीत मिसळा. टबमध्ये पॅन करा. दहाच्या दहा मिळाले तर हात बसला. शिशाची घनता ११.३, म्हणजे ते टिकलं तर सोनं नक्की टिकेल. आठच मिळाले तर हलवण्याची पायरी कमी पडतेय.

बारीक कण पाण्यावर तरंगताना दिसले तर पॅनमध्ये भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. पाण्याचा ताण मोडतो, कण बुडतो. हाताला सनस्क्रीन फासून पॅनिंग करणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो.

उरलेल्या काळ्या वाळूचं काय करायचं?

घरी न्या. ती बहुतेक मॅग्नेटाईट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज असते, घनता पाचच्या पुढे. वाळवून लोहचुंबकाने ओढून घ्या, पण चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. नाहीतर तो वर्षभर दाढी वाढवून बसतो. ओढताना थोडं सोनं वाळूबरोबर अडकून जातं, म्हणून ओढलेली वाळू दोन-तीनदा पुन्हा पसरून चुंबक फिरवा.

पारा वापरू नका. जुने लोक वापरत, आणि त्याचे अवशेष व्हिक्टोरियाच्या ओढ्यांत अजून सापडतात. चांदीसारखा पांढरा मुलामा चढलेला कण दिसला तर ते पारा लागलेलं सोनं असू शकतं. ते वेगळ्या कुपीत ठेवा आणि तापवू नका, पाऱ्याची वाफ विषारी असते.

मेटल डिटेक्टर घ्यावा का?

ओढ्यात पाणी नसेल, आणि व्हिक्टोरियाच्या सोन्याच्या पट्ट्यात उन्हाळ्यात ते नसतंच, तर कोरड्या रानात डिटेक्टरच चालतो. १९८० मध्ये किंगोवरजवळ २७ किलोचा 'हँड ऑफ फेथ' खडा डिटेक्टरनेच सापडला. पण हे उदाहरण विक्रेते फार वापरतात, म्हणून पुढचं नीट वाचा.

सुरुवातीचं बरं यंत्र हजार-दीड हजार डॉलरला पडतं, वरचं आठ-दहा हजारांना. स्वस्तातलं, नाणी शोधायचं यंत्र इथे कामाचं नाही. माती लाल, लोहयुक्त. यंत्र सतत कुरकुरत राहतं. सोन्याची यंत्रं या मातीशी जुळवून घेता येतात, त्याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात, आणि माती बदलली की तो पुन्हा करावा लागतो. न करणारे दिवसभर खोटे आवाज खणत बसतात.

कॉईल, म्हणजे यंत्राची खालची चकती, जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर, सपाट, संथ फिरवा. झाडू मारल्यासारखा दोन्ही टोकांना वर उचलला तर तिथली खोली वाया जाते. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढलेली हवी.

आवाज आला की वरची पालापाचोळ्याची चकती पायाने सारा आणि पुन्हा ऐका. निम्मे आवाज तिथेच सरकतात: खिळा, छर्रा, बाटलीचं झाकण. राहिला तर खणा. माती प्लॅस्टिकच्या चमच्यात घ्या, धातूचा चमचा स्वतःच वाजतो. चमचा कॉईलवरून फिरवा. वाजला तर निम्मी माती दुसऱ्या हातात ओता, पुन्हा फिरवा. ज्यात आवाज ती ठेवा, दुसरी टाका. सहा-सात वेळा निम्मं केलं की चिमूटभर मातीत ते असतं, शिसं किंवा सोनं. दिवसाला शंभर शिशाचे तुकडे खणायची तयारी नसेल तर डिटेक्टर घेऊ नका.

सापडलं ते सोनंच आहे, कसं ओळखायचं?

सावलीत धरा. सोनं उन्हात आणि सावलीत सारखंच पिवळं. पायराईट (सोन्यासारखं चमकणारं लोखंडाचं खनिज) आणि अभ्रक सावलीत विझतात. सुई टोचा: सोनं दबतं, पायराईट फुटतं, अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. खडबडीत पांढऱ्या फरशीवर घासा: सोन्याची रेघ पिवळी, पायराईटची हिरवट काळी. पॅनमध्ये तर आणखी सोपं, अभ्रक पाण्याबरोबर नाचतं, सोनं नाचत नाही. एवढं करूनही शंका राहिली तर ते सोनं नाही, हा अनुभव बहुतेकदा खरा ठरतो.

किती मिळतं?

हिशेब करू. ०.३ मिलिमीटरचा चपटा कण, डोळ्याला स्पष्ट दिसणारा, वजनाला पाव मिलिग्रॅमच्या आत असतो. म्हणजे एका ग्रॅमला चार हजारांहून जास्त. आपली जुनी गुंज ०.१२ ग्रॅमची, एका गुंजेला असे पाचशे कण लागतील. दिवसभरात पन्नास कण मिळाले तर नवखा खूश होऊन घरी जातो, आणि त्यातून जाण्यायेण्याच्या पेट्रोलचा खर्चही निघत नाही. डिटेक्टरवाल्याला अर्ध्या ग्रॅमचा खडा मिळतो, पण तो चार खेपा रिकाम्या हाताने आल्यावर.

५ फेब्रुवारी १८६९ ला व्हिक्टोरियातल्या मोलियागुलला दोन कॉर्निश माणसांना झाडाच्या मुळांपाशी, जमिनीखाली जेमतेम तीन सेंटीमीटरवर 'वेलकम स्ट्रेंजर' हा खडा लागला. शुद्ध सोनं ७० किलोहून जास्त. डनोलीच्या बँकेतल्या तराजूवर तो मावेना म्हणून ऐरणीवर तोडावा लागला. हे खरं आहे, आणि तुमच्या शनिवारच्या बेताशी त्याचा काही संबंध नाही.

मुलांना नेता येईल का? धोके काय?

पहिल्यांदा बॅलरॅटच्या सॉव्हरिन हिलला न्या. मेलबर्नहून ११५ किलोमीटरवर, १९७० पासूनचं खुलं संग्रहालय. तिथल्या ओढ्यात सोनं मुद्दाम टाकलेलं असतं, तिकिटात पॅनिंग येतं, परवाना लागत नाही, आणि मुलांना कण दिसल्याचा आनंद मिळतो.

खऱ्या रानात सगळ्यांत मोठा धोका जुन्या विहिरींसारख्या उभ्या खड्ड्यांचा. झुडपात दडलेले असतात, कडा ठिसूळ असतात. मूल हाताला धरून ठेवा, डिटेक्टरवाल्यानेही मान वर करून चाला. दुसरा धोका साप: इस्टर्न ब्राऊन आणि टायगर स्नेक, दोन्ही जहाल. पायात बूट आणि गेटर (पोटरीवर चढवायचं जाड आवरण), दगड उचलताना पलीकडची कड आधी उचला. तिसरा दिसत नाही: बेंडिगो-बॅलरॅटकडच्या जुन्या टेलिंग्जमध्ये आर्सेनिक असतं. त्या पांढुरक्या बारीक मातीत मुलांना खेळू देऊ नका, डबा उघडण्याआधी हात धुवा. वणव्याच्या धोक्यामुळे आगबंदी जाहीर झालेल्या दिवशी जाऊच नका.

विकायचं कुठे? आणि भारतात नेता येईल?

व्हिक्टोरियाचं सोनं बरंच शुद्ध असतं, साधारण २२-२३ कॅरटचं. खडा असेल तर वितळवू नका. सुबक नैसर्गिक खड्याला संग्राहक वजनापेक्षा जास्त भाव देतात, आणि मूस तापली की तो जादा भाव गेला. ॲसिडने घासून चकचकीतही करू नका. बारीक कण मात्र साठवून, पुरेसे झाले की बुलियन (सोन्या-चांदीच्या लगडी) विक्रेत्याकडे किंवा शुद्धीकरण करणाऱ्याकडे न्या. ऑस्ट्रेलियात भाव ट्रॉय औंसात बोलतात: १ औंस ३१.१ ग्रॅम, आपला जुना तोळा ११.६६ ग्रॅम.

भारतात नेताना विमानतळावर कस्टम्सच्या लाल मार्गिकेत जाऊन जाहीर करा. परदेशातून परतणाऱ्यांना मिळणारी सूट दागिन्यांना आहे, खड्याला किंवा कुपीतल्या कणांना नाही. मंगळसूत्राच्या वाटीत ते सोनं घालायची हौस असेल तर ते काम ऑस्ट्रेलियातच सोनाराकडून करून घ्या, आणि पावती जपा.

महाराष्ट्रात फॉसिकिंग करता येईल का?

कायद्याने नाही. १९५७ च्या खाण व खनिज कायद्यानुसार परवान्याशिवाय शोधही घेता येत नाही आणि खणताही येत नाही, आणि हौशी माणसासाठी मायनर्स राईटसारखी सोय त्यात नाही. पूर्व विदर्भातल्या जुन्या खडकांत सोन्याचे अंश आहेत, पण त्यांचा शोध सरकारी भूवैज्ञानिक यंत्रणा घेतात. झारखंडकडच्या सुवर्णरेखा नदीच्या काठी आजही वाळू धुणारी कुटुंबं आहेत. ती पिढीजात उपजीविका आहे, तिथे पॅन घेऊन हौसेने उतरायला जाऊ नका. हात बसवायचा असेल तर शिशाचे दहा तुकडे आणि घरचा टब पुरे.